किरायाची गाडी, कोणाची गाडी?

हेमलकशाला जायचे ठरवले की पुण्यामुंबईचा माणूस आधी रेल्वेचे तिकीट काढतो आणि मग गाडीची चौकशी सुरू करतो. रेल्वे त्याला बल्लारशापर्यंत आणून सोडते. पुढे आष्टी, आलापल्ली आणि मग जंगलातला साठ-पासष्ट किलोमीटरचा शेवटचा टप्पा. चावी हातात देऊन ‘आठ दिवसांनी आणून द्या’ म्हणणाऱ्या कंपन्या मोठ्या शहरांत आहेत. इकडच्या प्रवासाला त्यांचा उपयोग कमीच. इथे एक फोन नंबर मिळतो. तो कोणाच्या तरी भाच्याचा किंवा शाळामास्तरांच्या मित्राचा असतो. पलीकडून विचारणा होते, ‘स्पेशल पाहिजे का? किती जण? मुक्काम आहे का?’ मग डिझेल कोणाचे, हाल्टिंगचे किती आणि पोराच्या जेवणाचे काय, हे ठरते. लेखी काही होत नाही. सकाळी स्टेशनबाहेर गाडी उभी असते आणि ती चालवायला बहुधा मालकच आलेला असतो.

शहरी पाहुण्याला ही सोय तात्पुरती आणि थोडी गावठी वाटते. कंपनी अजून पोचली नाही म्हणून माणसे खासगी मालकाकडून गाडी घेतात, अशी त्याची समजूत असते. चांदा-गडचिरोलीच्या वाहतुकीचा इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. खासगी मालकाचे वाहन किरायाने घेण्याची रीत इथे जुनी आहे आणि तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक कायम सरकारच राहिले आहे. या रीतीत एक प्रश्न पहिल्यापासून लोंबकळत राहिला: किरायाने दिलेली गाडी त्या वेळापुरती कोणाची? ती मोडली, बुडाली, जळाली, तिच्याखाली माणूस आले, तर भरून कोणी द्यायचे? या लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

विदर्भात ‘किराया’, देशावर ‘भाडे’. पहिला शब्द अरबी-फारसी वाटेने आला, दुसरा संस्कृत ‘भाटक’वरून. दोन्ही घराला चालतात आणि वाहनालाही. नारदस्मृतीत वाहन भाड्याने घेणाऱ्याविषयी नियम आहेत. वाहन ठरवून ते न नेणाऱ्या व्यापाऱ्याने ठरलेल्या भाड्याचा चौथा हिस्सा द्यावा आणि अर्ध्या वाटेत सोडून दिले तर पूर्ण भाडे द्यावे, असा त्यांतल्या एकाचा आशय आहे. आज मोबाइलवर गाडी रद्द केल्यावर जे पैसे कापले जातात, त्याचे हे मूळ रूप म्हणायला हरकत नाही. स्मृतिकारांपुढे मात्र दोन बाजूंनी मोकळेपणाने केलेला करार होता. चांद्याच्या जंगलात तो मोकळेपणा फार उशिरा आला.

बैलगाडीला इकडे बंडी म्हणतात. धान्य, लाकूड, खत वाहायला बंडी. माणसांना जायला-यायला हलकी रेंगी किंवा छत घातलेली दमणी. रेंगी-दमणी ही पाटील-मालगुजारांच्या दारातली वस्तू. लग्नाला ती मागून नेत, त्याचे भाडे घेणे कमीपणाचे मानत आणि वैरणीच्या नावाखाली काही देत. ही सभ्यता गावातल्या गावात चाले. इंग्रजी अमलात हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघाला की तंबू, टेबल-खुर्च्या, कागदपत्रांच्या पेट्या आणि सैपाकाचे सामान यांसाठी गावोगाव बंड्या धरल्या जात. दर सरकारने ठरवलेला, पैसे कधी मिळत आणि कधी मधल्या चपराशाच्या हाती राहत. बैल धानाच्या खळ्यावर जुंपलेला असला तरी नाही म्हणण्याची सोय नव्हती. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांत आणि वनखात्याच्या वनग्रामांत हीच गोष्ट माणसांच्या खांद्यापर्यंत गेली: ओझे वाहायचे आणि पुढच्या गावाच्या वेशीवर पुढच्या माणसांकडे द्यायचे. तिला बेगार म्हणत. 1950 मध्ये राज्यघटना अमलात आली तेव्हा 23 व्या अनुच्छेदाने ती बंद केली. त्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरातही ‘बेगार’ हाच देशी शब्द ठेवला आहे. घटनाकारांना बहुधा या प्रकाराला नेमका इंग्रजी प्रतिशब्द सापडला नसावा, असे मला वाटते.

बेगारीत किराया नावालाच होता. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बंडी धरली की तिच्याबरोबर बंडीवालाही धरला जाई. बैल दुसऱ्याच्या हाती देण्याजोगा नसतो; त्याचा स्वभाव मालकालाच माहीत. त्यामुळे इथे वाहन किरायाने घेणे म्हणजे माणूस किरायाने घेणे, हे समीकरण मोटार येण्याच्या आधीच पक्के झाले होते. आलापल्लीच्या सागवानाची ओढणी सुरू झाली, शेतीतून मोकळे झालेले बंडीवाले कोरड्या महिन्यांत लाकूड वाहू लागले, तेव्हाही ठेकेदार खेपेवर पैसे देई. बैल पडला तर तो बंडीवाल्याचा.

मोटार आली आणि तिच्याबरोबर कायदा आला. 1914 चा मोटार कायदा साधा होता. 1939 च्या कायद्याने परवान्यांची बारीक जाळी विणली. भाडे घेऊन माणसे वा माल नेणारे वाहन वेगळे आणि स्वतःपुरते वापरायचे वाहन वेगळे. भाड्याच्या वाहनांतही ठरल्या मार्गावर टप्प्याटप्प्याने उतारू घेणारे एक आणि एकाच गिऱ्हाइकाने अख्खे ठरवलेले दुसरे. आज सवारी आणि स्पेशल असे दोन शब्द आपण सहज वापरतो, त्यांच्यामागे ही विभागणी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या जीपगाड्या आणि ट्रक देशभर खासगी हातांत गेले. 1947 मध्ये मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. रस्ता नसलेल्या मुलखाला हवी ती गाडी मिळाली. नेमक्या त्याच काळात प्रवासी वाहतूक सरकारकडे जाऊ लागली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. उत्तर प्रदेशातल्या खासगी बसमालकांनी असल्या मक्तेदारीविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले आणि 1954 च्या सगीर अहमद खटल्यात न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. रस्ते सार्वजनिक आहेत, त्यांवर वाहन चालवून पोट भरण्याचा हक्क नागरिकाचा आहे, असा त्याचा आशय. हा विजय अल्पायुषी ठरला. 1955 मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली, 1956 मध्ये मोटार कायद्यात नवे प्रकरण घालण्यात आले आणि सरकारी परिवहनाची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे एस.टी.च्या कक्षेत. एस.टी.ने विदर्भाला खूप दिले, याबद्दल वाद नाही. पण मक्तेदारी कागदावर सगळ्या रस्त्यांची होती आणि गाड्या काही रस्त्यांवरच होत्या. मधल्या जागेत कोणी चालायचे, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा हा सगळा भाग त्या मधल्या जागेत होता. गडचिरोली जिल्हाही तेव्हा नव्हता. चंद्रपूरपासून वेगळा होऊन तो 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळचा हा मुलूख पावसाळ्यात जगापासून तुटे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांच्या दवाखान्यात रोगी येत ते पायी, नाहीतर उलट्या खाटेवर निजवून चौघांच्या खांद्यावर. खाटेला किराया नसतो. ती नात्यागोत्यातल्या माणसांनी उचलायची असते आणि उद्या त्यांच्यासाठी आपण उचलायची असते. पुढे बंडी, मग ट्रॅक्टरची ट्रॉली, मग जीप अशी वाहने आली तरी रोग्यासाठी गाडी मागण्याच्या पद्धतीत या खाटेचा अंश राहिला. आजाऱ्याला न्यायला गाडीवाला पैसे घेतो, पण आधी ठरवत नाही. स्पेशलचा भाव आणि आजाऱ्याचा भाव वेगळा असतो, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

1980 आणि 90 च्या दशकांत डिझेल जीपने विदर्भातले चित्र बदलले. महिंद्राची कमांडर, टेंपो ट्रॅक्स, नंतर टाटा सुमो. बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज काढून शेतकऱ्याच्या पोराने गाडी घ्यायची, टॅक्सीचा परवाना काढायचा, ती काळ्या-पिवळ्या रंगात रंगवायची आणि बाजारगावच्या चौकात उभी करायची. पश्चिम महाराष्ट्रात याला वडाप म्हणतात, आमच्याकडे काळीपिवळी. आलापल्ली-अहेरीच्या चौकात ही गाडी भरेपर्यंत हलत नसे आणि भरल्यावर किती भरावी याला धरबंध नसे. परवाना एकाच गिऱ्हाइकाने अख्खी गाडी ठरवण्याचा; धंदा मात्र टप्प्यावर सवाऱ्या घेण्याचा. म्हणजे बेकायदेशीर. एस.टी.चे अधिकारी या गाड्यांविरुद्ध सतत तक्रार करत आणि आपल्या जागी त्यांची तक्रार रास्तच होती, कारण नफ्याचे रस्ते काळीपिवळीने घेतले की तोट्याचे रस्ते एस.टी.ला आणखी जड होत. मात्र जिथे दिवसाला एखाददुसरी बस, तीही नाल्याला पाणी नसेल तेव्हा, तिथे हा युक्तिवाद ऐकायला उतारूच नव्हते. ते जीपच्या टपावर होते.

काळीपिवळीपेक्षा गुंतागुंतीची गाडी पांढऱ्या पाटीची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची, पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे घरची, हे आता शाळकरी मुलालाही कळते. एमएच 33 गडचिरोलीची आणि एमएच 34 चंद्रपूरची. घरची गाडी भाड्याने देण्याची कारणे साधी असतात. गाडी वर्षातले फार थोडे दिवस लागते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. पिवळी पाटी घ्यायची तर परवाना, ठरावीक मुदतीची फिटनेस तपासणी, वाढीव विमा. बोलेरो दारात उभी ठेवण्यापेक्षा चार पाहुण्यांना हेमलकसा दाखवून आणले तर हप्त्याची सोय होते. हा व्यवहार कायद्यात बसत नाही म्हणून भाषेत बसवला जातो. तिथे किराया हा शब्द निघत नाही. ‘डिझेलचे पैसे’ असतात. गाडी ‘ओळखीची’ असते. वाटेत तपासणी लागली तर मागे बसलेल्यांनी ‘पाहुणे आहोत’ असे सांगायचे असते. अतिथी म्हणून हे खोटे नाही, एवढेच त्याचे समर्थन.

या गोडव्याची किंमत विम्याच्या कागदावर कळते. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते: भाड्याने वा मोबदल्यासाठी वापर वगळून. त्याच पॉलिसीच्या नुकसानीच्या यादीत आग, पूर, दरड, दंगल, इतकेच काय दहशतवादी कृत्यसुद्धा धरलेले असते. गडचिरोलीतल्या मालकाला ही यादी वाचून धीर येईल. पण गाडी भाड्यावर होती हे विमा कंपनीने दाखवून दिले की यादी लांबलचक राहते आणि दावा नामंजूर होऊ शकतो. मालगाडीतल्या माणसांचे तर याहून कठीण. लग्नाचे वऱ्हाड, आठवडी बाजाराची गर्दी टेंपोतून, ट्रॅक्टरमधून जाते. मालवाहू गाडीत बसलेल्या उतारूची भरपाई विमा कंपनीने द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली सतपाल सिंग खटल्यात म्हटले होते. दोन-तीन वर्षांतच आशा राणी खटल्यात मोठ्या पीठाने ते मत फिरवले. कायद्याच्या अर्थाच्या दृष्टीने नंतरचा निकाल काटेकोर आहे. त्याने जबाबदारी विमा कंपनीवरून उचलून गाडीमालकावर ठेवली, आणि मालकाकडे बहुधा ती गाडीच तेवढी असते.

आता कंपनीकडे वळू, कारण कायद्याला जो भाड्याचा धंदेवाला हवा आहे तो ती आहे. 1988 च्या मोटार कायद्याच्या 75 व्या कलमाखाली केंद्र सरकारने 1989 मध्ये ‘रेंट-अ-कॅब’ योजना काढली. गिऱ्हाइकाने स्वतः चालवायची गाडी भाड्याने देण्याचा परवाना तिच्यात मिळतो. अट अशी की अर्जदाराकडे किमान 50 मोटारी हव्यात. दुचाकींसाठी 1997 मध्ये वेगळी योजना आली आणि तिथे आकडा 5 वर आला. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लावून फिरणाऱ्या दुचाकी आपण पाहतो त्या याच जातीच्या. मोटारीचा आकडा मात्र 50. अमेरिकेत मोटार भाड्याने देण्याच्या धंद्याची जी मूळ कथा सांगतात ती शिकागोतल्या वॉल्टर जेकब्जची. त्याने 1918 मध्ये फोर्डच्या बारा मॉडेल टी गाड्या घेऊन सुरुवात केली, 1923 मध्ये धंदा जॉन हर्ट्झला विकला आणि पुढे त्याची जगभर पसरलेली कंपनी झाली. जेकब्ज आपल्याकडे आला असता तर बारा गाड्यांवर त्याला परवाना मिळाला नसता. एका गाडीच्या मालकाची तर गोष्टच सोडा. योजना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विमानतळावर उतरणारा पर्यटक असावा. बल्लारशाला उतरणारा नसावा.

एका गाडीच्या मालकाला कायद्याने असे बाहेर ठेवले. पण सरकारला स्वतःला गाडी लागते तेव्हा ते याच माणसाच्या दारात येते.

निवडणूक घ्या. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चा. त्याच्या 160 व्या कलमाने मतपेट्या, कर्मचारी आणि बंदोबस्तासाठी कोणतेही वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला आहे. मजकूर असा की वाहन, जलवाहन किंवा जनावर. 1951 साली मतपेटी बंडीतून आणि डोंग्यातून जाणार हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. 161 व्या कलमात मोबदला बाजारभावाने द्यायचा आहे. आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उमेदवार वा त्याचा प्रतिनिधी निवडणुकीच्या कामासाठी वापरत असलेले वाहन मात्र मतदान संपेपर्यंत घेता येत नाही. त्यामुळे जीपमालकासमोर दोनच गिऱ्हाइके उरतात, पक्ष किंवा तहसीलदार. पहिला रोख देतो. बेगार आणि हे कलम यांत फरक नाही असे म्हणणे अतिशयोक्त होईल. इथे मोबदल्याचा हक्क लिहिलेला आहे आणि तो बाजारभावाचा आहे. तरी नोटीस आली की गडचिरोलीतला जुना माणूस बंडी धरण्याचीच भाषा वापरतो: ‘गाडी धरली.’

धरलेल्या गाडीने अपघात केला तर? हा प्रश्न हिमाचल प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या विधानसभा निवडणुकीसाठी प्रशासनाने ताब्यात घेतलेल्या मोटारीने एकाचा बळी घेतला होता. दीपा देवी खटल्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले, त्या काळात गाडीवर ताबा सरकारचा होता, मालक नकार देऊ शकत नव्हता, म्हणून भरपाई सरकारने द्यावी. मालकाने नाही आणि त्याच्या विमा कंपनीनेही नाही. 2014 मध्ये आसामच्या पूर्णकला देवी खटल्यात हेच सूत्र कायम झाले. त्याआधी 1997 मध्ये राजस्थानच्या परिवहन महामंडळाने खासगी मालकाकडून भाड्याने घेतलेल्या बसबाबतही असाच निर्णय झाला होता. चालक मालकाचा असला तरी गाडी महामंडळाच्या हुकमात होती, म्हणून जबाबदारी महामंडळाची. हे तीन निकाल एकत्र वाचले की नारदस्मृतीपासून सुटलेल्या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. नोंदणीच्या पुस्तकात नाव कोणाचेही असो, गाडी ज्याच्या हुकमात चालते ती त्या वेळापुरती त्याची. माझ्या मते भाड्याच्या वाहनाविषयी आपल्या न्यायालयांनी सांगितलेली ही सर्वांत न्याय्य गोष्ट आहे. पण ती लागू करायला लेखी आदेश लागतो, भाड्याचा कागद लागतो. फोनवर ‘सकाळी गाडी पाठव’ म्हणून ठरलेल्या किरायाला हा कागद कुठला?

गडचिरोलीत जबाबदारीचा प्रश्न अपघातावर थांबत नाही. 1980 नंतर इथे नक्षलवादी आले आणि गाडी कोणाला दिली याला जीवनमरणाचा अर्थ आला. पोलिसांना दिली म्हणून एका बाजूचा संशय, रात्री जंगलातून कोणी थांबवून बसले म्हणून दुसऱ्या बाजूचा. 2016 च्या डिसेंबरात सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीवर नक्षलवाद्यांनी पाऊणशेच्या वर वाहने जाळली. खनिज कंपनीचे आणि रोष कंपनीवरचा. पण अशा ठिकाणी लावलेले ट्रक बहुतेक वेळा कंपनीच्या नावावर नसतात. ते खेपेवर लावलेल्या मालकांचे असतात आणि त्यांच्यावर हप्ते चालू असतात. ओढणीच्या काळात बैल पडला की तो बंडीवाल्याचा, हा हिशोब इथे पुन्हा दिसतो.

आणि 2019. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात 11 एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले. त्यासाठी धरलेल्या गाड्या घरी गेल्याला तीन आठवडे होत होते. कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली आणि त्यानंतर, 1 मे रोजी, महाराष्ट्रदिनी, तिकडे निघालेल्या पोलिसांच्या शीघ्र कृती दलाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. 15 पोलीस गेले. गाडी खासगी होती, किरायाने घेतलेली. तिचा चालकही गेला. तो पोलीस नव्हता. त्यानंतर बरेच दिवस चर्चा झाली ती खासगी गाडी वापरायला नको होती, नियम काय होते, ते कोणी मोडले, याची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेत पंधरा हा आकडा जितक्या वेळा आला तितक्या वेळा सोळा आला नाही. पोलिसांच्या बलिदानाला कमी न लेखता हे नोंदवायला हवे. शहिदाच्या कुटुंबासाठी शासनाच्या तरतुदी आहेत, सेवापुस्तक आहे, दल आहे. किरायाच्या चालकामागे गाडी असते, आणि इथे तीही उरली नव्हती.

सरकारला गाडीमालकाची गरज उघडपणे मान्य करावी लागली असा एक प्रसंग अलीकडचा. 2021 च्या हिवाळ्यात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चिघळला, तेव्हा 8 नोव्हेंबरला शासनाने अधिसूचना काढून खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस आणि मालवाहू वाहने यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. आधी जो टेंपो माणसे बसवली म्हणून दंड भरत होता, तो त्या रात्रीतून कायदेशीर झाला. संप 2022 च्या एप्रिलमध्ये मिटला. दुर्गम भागात ती मुभा येण्यापूर्वी, ती असताना आणि ती गेल्यावर वाहतूक जवळपास सारखीच चालली, कारण तिथे ती मुळात एस.टी.वर फारशी उभी नव्हती.

आता पुन्हा खासगी मालकाला बरे दिवस आले आहेत, निदान शहरात. अमेरिकेत 2010 मध्ये बॉस्टनला सुरू झालेल्या आणि पुढे टूरो हे नाव घेतलेल्या कंपनीने शेजाऱ्याची मोटार भाड्याने घेण्याचा बाजार उभा केला. आपल्याकडे 2013 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झूमकारने आधी स्वतःच्या गाड्या भाड्याने दिल्या आणि नंतर लोकांच्या गाड्या आपल्या अ‍ॅपवर लावायला घेतल्या. मालकाला तिथे ‘होस्ट’ म्हणतात. वऱ्हाडी-चांदाळी भाषेत हा यजमान झाला आणि गिऱ्हाईक पाहुणा. आमच्या ‘पाहुणे आहोत’ला शेवटी इंग्रजी प्रतिष्ठा मिळाली म्हणायची. पण या व्यवहाराचा सगळा भर अनोळखी माणसाच्या हाती चावी देण्यावर आहे. मालक कोण हे गिऱ्हाइकाला कळण्याची गरज नाही. विश्वासाची जागा अनामत रकमेने, फोटोंनी आणि उपग्रहाच्या नजरेने घेतलेली असते. नागपुरात हे ठीक आहे. आलापल्लीच्या पुढे चावी पुरत नाही. कोणत्या नाल्यावर पाणी किती चढले की थांबायचे, डिझेल कुठे भरून घ्यायचे, कोणत्या वळणापुढे फोन लागत नाही, नाक्यावर कोणाशी काय बोलायचे, अंधार पडल्यावर कोणत्या गावात गाडी लावायची, हे गाडीत नसते. मालकाच्या डोक्यात असते. बैलाचा स्वभाव जसा बंडीवाल्याला माहीत, तसा हा रस्त्याचा स्वभाव. इथे प्रवासी किराया मोजतो तो या ओळखीचा, आणि म्हणून चालक-मालक वगळून नुसती गाडी भाड्याने घेण्याची पद्धत हेमलकशाच्या वाटेवर रुजलेली नाही.

रस्ते सुधारत आहेत, पूल होत आहेत आणि 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रभर आली आहे. फोन लागत नाही तिथे 108 लावता येत नाही, ही अडचण उरते. मग रात्री शेजारची पांढऱ्या पाटीची गाडी काढली जाते. परवाना नसताना भाड्याने गाडी वापरल्यास 1988 च्या कायद्याचे 192 अ हे कलम लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण त्याच कलमात एक उपकलम आहे, ज्याची माहिती फारच थोड्या मालकांना असावी. आजारी वा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी गाडी वापरली असेल तर हे कलम लागू होत नाही. अट एकच. गाडी वापरणाऱ्याने सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला तसे कळवले पाहिजे. भामरागडपासून गडचिरोलीचे परिवहन कार्यालय दीडशेहून जास्त किलोमीटरवर आहे.